आमचे धनुर्धारी शेजारी

माणूस रिटायर झाला की त्याचं पुढं काय करायचं, हा प्रश्न पेन्शन सुरू झाली की सुटला असं सरकारला वाटतं. खरं म्हणजे तो तिथून उठून शेजाऱ्यांच्या घरी राहायला येतो. आमच्या माधवनगरात या प्रश्नाची काही ठरलेली उत्तरं होती. कोणी गुलाबाची कलमं करायचं, कोणी ज्ञानेश्वरीच्या वर्गाला जायचं, कोणी होमिओपॅथीची पेटी आणून गल्लीतल्या धडधाकट माणसांवर उपचार करायचं. त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी कोणी दगावल्याचं ऐकिवात नाही, म्हणून आम्हीही त्या मुकाट्यानं घ्यायचो. पण आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे बँकेतले साहेब रिटायर झाले आणि त्यांनी धनुष्य करायला घेतलं.

याची पहिली वार्ता आमच्या घरी आली ती अशी. सौ. मागच्या अंगणात दूध तापवायला घेऊन बसली होती. भिंतीवरून साहेबांचं डोकं उगवलं आणि म्हणालं, "वहिनी, शिराळ्याहून धामण आणलीय. चांगली सहा फुटी आहे. जरा तुमच्या माळ्यावर ठेवू का? आमच्याकडं ऊन लागतं तिला."

बत्तीस शिराळ्याची कीर्ती आमच्या सांगली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तिथून माणूस काय घेऊन येईल याबद्दल सौ.च्या मनात शंका नव्हती. तिनं पातेलं सोडलं. साहेब आपले बोलतच होते, "अजून ओली आहे. सहा महिने नीट वाळली, की मग सोलायची."

धामण नावाचं एक झाड असतं आणि त्याचं लाकूड कमालीचं लवचिक असतं, हे सौ.ला पटवून देईपर्यंत दूध वाया गेलं होतं. साहेबांनी मात्र तेवढ्यात संस्कृतात या झाडाला 'धन्वन' म्हणतात, धनुष्य आणि ते एकाच घरातले, अशी माहिती पुरवली. शिराळ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचं ते लाकूड होतं. ते आमच्या माळ्यावर चढलं. पुढं सहा महिने सौ. लोणच्याची बरणी काढायला माळ्यावर गेली नाही. मला पाठवायची.

आता खरं सांगायचं तर साहेबांचं काम बघताना मला त्यांचा हेवा वाटायला लागला. चाळीस वर्षं सही करण्यापलीकडं ज्या हातांनी काही केलं नाही, ते हात रंधा धरायला शिकले. लाकूड वाळताना टोकांना तडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना मेण फासलं. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. बाहेरची बाजू ती पाठ. ओढताना ती ताणली जाते. म्हणून तिथल्या लाकडाची धार, म्हणजे सालीखालचं वर्षाचं वलय, टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवायचं, तिथं रंधा लावायचा नाही. जे काय तासायचं ते पोटाकडून. (हा नियम माणसांनाही लागू करावा, असं मी साहेबांच्या पोटाकडं बघून म्हणालो. ते हसले नाहीत.) शेवटी शेवटी तर रंधाही नाही, फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. मग धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवं अडकवायचं, दोरी कप्पीतून खाली ओढायची आणि चार पावलं लांब उभं राहून बघायचं : दोन्ही हात सारखे वाकतात की नाही? डावा ताठ दिसला, की डावा खरवडायचा. मग उजवा ताठ दिसतो. मग उजवा. असं करता करता धनुष्याची काठी व्हायची आणि काठीची छडी.

पहिलं धनुष्य दसऱ्याला मोडलं. शस्त्रपूजा झाली, साहेबांनी ते हातात घेतलं, दोरी कानापर्यंत ओढली आणि असा आवाज झाला की पलीकडच्या मागवाल्यांनी माग बंद केले. साहेबांच्या कपाळावर टेंगूळ आलं. पण हार मानतील तर ते साहेब कसले? दुसरं जमलं. खरोखर सुरेख जमलं. त्याची दोरी माधवनगरच्याच सुताची, पीळ देऊन मेण लावलेली. ती नुसती बोटानं छेडली तरी तंबोऱ्यासारखी बोलायची. मी गल्लीभर सांगत सुटलो, की आमच्या शेजारी एक कारागीर राहतो.

इथवर, वाचकहो, मी साहेबांच्या पक्षाचा होतो. नंतर एका रविवारी सकाळी ते पायांत बूट, डोक्याला माकडटोपी आणि पाठीला बाणांचा भाता अशा थाटात दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला मास्तर, कवलापूरच्या माळावर. विमानतळाच्या बाजूला ससे फार आहेत म्हणतात."

कवलापूरच्या त्या माळावर विमानं उतरायची बंद होऊन बरीच वर्षं झाली आहेत. म्हणून ती जागा सशांनी घेतली असेल, तर त्यात गैर काय? पण साहेबांच्या मते प्रश्न सशांचा नव्हता, परंपरेचा होता. "बंदूक म्हणजे भ्याडपणा, मास्तर. धनुष्याची शिकार ही खरी शिकार. समोरासमोर! त्यात जनावरालाही संधी मिळते."

या एका वाक्यावर मी जो भडकलो तो अजून शांत झालेलो नाही, आणि हा लेख त्यासाठीच आहे. संधी कसली मिळते? ससा काय बँकेच्या परीक्षेला बसला आहे? बरं, संधी मिळते तर ती एकालाच का? सशाचा नेम लागला तर साहेब मरणार आहेत का? दोन्हीकडून समान अटी असल्या तरच त्याला समोरासमोर म्हणतात. नाहीतर आपण सहा फुटी धामण घेऊन झुडपामागं लपायचं आणि समोर मूठभर ससा. कबड्डीतसुद्धा याला फाउल म्हणतात.

आणि बाण कसा मारतो हे या 'खऱ्या' शिकारवाल्यांनी जरा स्वतःशी तरी कबूल करावं. गोळीच्या धक्क्यानं जनावर पुष्कळदा जागीच पडतं. बाण धक्का देत नाही, बाण कापतो. जनावर मरतं ते रक्त जाऊन. नेम अगदी काळजाला किंवा फुप्फुसाला लागला तर लवकर, आणि चार बोटं इकडंतिकडं झाला तर मग किती वेळानं ते त्या जनावरालाच ठाऊक. म्हणून तर परदेशातले धनुष्यवाले शिकारी बाण लागल्यावर लगेच मागं धावत नाहीत. अर्धा तास, कधी कित्येक तास थांबतात. जनावर कुठंतरी जाऊन बसू दे, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढू. साहेबांनी मोबाईलवर मला असाच एक चित्रपट दाखवला. त्या अर्ध्या तासात शिकारी थर्मासमधला चहा पीत होता. चहा पिताना तो परंपरेबद्दल बोलत होता.

"आपल्या पुराणांत बघा," साहेब म्हणाले. मी चाळीस वर्षं मराठी शिकवलेला मास्तर. पुराणांकडं बोट दाखवणाऱ्याचं बोट मी सहसा सोडत नाही. म्हटलं, बघूच या. दशरथ रात्री नदीकाठी शिकारीला गेला. घागर बुडबुडली, त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय. शब्दवेधी बाण सोडला, तो श्रावणाला लागला. पुढचं सगळं रामायण त्या एका नेमाचं फळ. पंडुराजानं हरणाच्या जोडीवर बाण टाकला. तो निघाला हरणाच्या रूपातला ऋषी, आणि त्याच्या शापानं राजा बायकोपाशी गेला तेव्हा मेला. रामचंद्र सोन्याच्या हरणामागं गेले, इकडं सीता गेली. जरा नावाच्या व्याधाला झाडीतून हरीण दिसलं, तो श्रीकृष्णाचा पाय होता. वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक निघाला तो एका व्याधानं क्रौंच मारला म्हणून, आणि तो श्लोक व्याधाच्या कौतुकाचा नाही, हे साहेबांनी ध्यानात घ्यावं. म्हणजे आमच्या पुराणांत धनुष्याची शिकार गाजली ती प्रत्येक वेळी काहीतरी भलतंच होऊन बसल्यामुळं. उलट ज्या प्रसंगांना आपण धनुर्विद्या म्हणून टाळ्या वाजवतो ते बघा. अर्जुनाला दिसला तो पोपटाचा डोळा, असं आपण मुलांना सांगतो. महाभारतात द्रोणाचार्यांनी झाडावर बसवला होता तो कारागिरांकडून करून घेतलेला खोटा पक्षी. त्या माणसानं एकलव्याशी वाईट केलं असेल, पण पक्ष्याशी केलं नाही. स्वयंवरातलं लक्ष्यही यंत्रावरच होतं. आणि एकलव्यानं कुत्र्याचं तोंड बाणांनी भरलं, तरी कुत्रा धावत पांडवांकडं परत गेला.

साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही शाकाहारी आहात म्हणून बोलता."

शाकाहारी आहे. पण का बोलतो ते त्यांना तेव्हा सांगितलं नाही. इथं सांगतो.

मी दहा वर्षांचा होतो, म्हणजे 1965-66 चा सुमार. तेव्हाचं माधवनगर म्हणजे मागांची खटखट, मिलचा भोंगा आणि सगळ्या गल्ल्यांतून उडणारा कापसाचा भुरका. आमच्या घरामागं एका पेढीचं सुताचं गोदाम होतं आणि तिथं जत भागातला एक म्हातारा धनगर रात्रीच्या पहाऱ्याला असायचा. आम्ही पोरं त्याला आबा म्हणायचो. दुष्काळात मेंढरं गेली आणि तो इकडं आला. त्यानं मला वेळूची कामठी तासून एक तिरकमठा करून दिला. बाण बोरूचे, आणि टोकाला धार नव्हे, लाखेचा गोळा. "पाखरू उडवाया पुरं हाय," असं म्हणाला. मला ते पुरेना. मी घरातल्या मोडक्या छत्रीची तार काढली, दगडावर घासून तिला टोक केलं आणि लाखेच्या जागी बसवली. आबाला सांगितलं नाही.

गोदामामागच्या कडुनिंबावर होले बसायचे. तिसऱ्या दिवशी एकाला बाण लागला.

मला आठवतो तो माझा आनंद. खोटं कशाला बोला, एवढा आनंद मला नंतर मॅट्रिक पास झाल्यावरही झाला नाही. होला खाली पडला नाही. बाणासकट उडाला, वाकडातिकडा, आणि गोदामाच्या पत्र्यांमागं दिसेनासा झाला. मी नाचत आबाकडं गेलो.

"कुटं लागला?"

"पंखात."

"मंग हुडीक."

संध्याकाळ झाली होती, आईच्या हाका ऐकू येत होत्या. आबानं घरी जाऊ दिलं नाही. कंदील लावला आणि माझ्याबरोबर शोधायला आला. दोन तास आम्ही त्या पत्र्यांमागं, घाणेरीत, फुटक्या बॉबिनांच्या ढिगात हिंडलो. सापडला नाही. सापडला दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेतून आल्यावर, मोरीच्या तोंडाशी. जिवंत होता. तार आरपार गेली होती आणि बोरू मोडून निम्मा राहिला होता. एक रात्र आणि अर्धा दिवस तो तिथं बसून होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

आबानं तो हातात घेतला आणि एका झटक्यात मान पिरगळली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग त्यानं तीन दगड मांडले, तो होला सोलला, भाजला आणि माझ्यापुढं धरला. "मारलास न्हवं? खा." मी रडायला लागलो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मग आबा स्वतः खायला बसला, भाकरीबरोबर, अगदी सावकाश, हाडं चघळून. आता वाटतं, त्यालाही ते जात नव्हतं. पण त्यानं टाकलं काही नाही. खाऊन झाल्यावर तिरकमठ्याची दोरी सोडली, कामठी चुलीत घातली आणि छत्रीची तार तेवढी पुसून मला परत दिली. "छत्रीला लाव," म्हणाला.

तर साहेब, हे माझ्या शाकाहाराचं भांडण नाही. आबानं उभ्या जन्मात किती ससे आणि तितर मारले असतील, कोण जाणे. त्याच्याशी माझं काही भांडण नाही. माझं भांडण आहे ते सकाळी पोटभर पोहे खाऊन, वर चहा घेऊन, परंपरा चालवायला निघालेल्या माणसाशी.

कारण ही परंपरा कुणाची, ते बघा. सातपुड्यातले भिल्ल बांबूचं धनुष्य करतात आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. साहेबांच्या धामणीला आणि मेणाला तिथं कोणी विचारणार नाही. त्यांनी धनुष्यानं शिकार केली ती घरात चूल होती आणि चुलीवर काही नव्हतं म्हणून. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्यात 'हत्यार' म्हणजे काय ते सांगताना दारूगोळ्याच्या पाठोपाठ धनुष्यबाणाचं नाव आहे. बंदुकीचा नंबर त्याच्यानंतर लागतो. (इंग्रजी मुळाक्षरांची कृपा.) ससाही त्या कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. म्हणजे ज्याच्या बापजाद्यांनी धनुष्य पोटासाठी चालवलं, त्यानं ते खुंटीला टांगलं. टांगलं नाही, तर तो आरोपी. आणि आम्ही, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी भाजी निवडण्यापलीकडं हिंसा केली नाही, आम्ही आता ते खुंटीवरून काढणार आणि त्याला छंद म्हणणार! कायदा दोघांनाही एकच आहे, हे खरं. पण वकील एकालाच परवडतो.

हे सगळं अमेरिकेत एकदा होऊन गेलं आहे. साहेबांच्या मोबाईलमधले ते चहा पिणारे शिकारी ज्या डॉक्टरला गुरू मानतात, तो सॅक्स्टन पोप नावाचा सर्जन. त्याला धनुष्य करायला आणि मारायला शिकवलं ईशीनं. ईशी म्हणजे कॅलिफोर्नियातल्या याही जमातीतला शेवटचा उरलेला माणूस. बाकीचे काय झाले? गोऱ्यांनी बंदुकांनी टिपले, उरलेले डोंगरात लपून उपासमारीनं संपले. 1911 साली हा एकटा, भुकेलेला, खाली गावात आला. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहायला जागा दिली, आणि 1916 साली तो क्षयानं गेला. पोपनं त्याच्यावर मनापासून माया केली, यात शंका नाही. पण पुढं 1920 मध्ये त्यानं एका मित्राबरोबर धनुष्यानं अस्वलं मारली, 1923 मध्ये पुस्तक लिहिलं, 1925 मध्ये आफ्रिकेत सिंहांवर बाण सोडायला गेला, आणि त्या पुस्तकातून हजारो लोकांना हा नाद लागला. पोटासाठी धनुष्य धरणारे संपले आणि पोट भरलेल्यांचा खेळ सुरू झाला. याला परंपरा चालवणं म्हणत नाहीत, साहेब. तुमच्या बँकेत याला जप्ती म्हणतात. बरं, ज्यांच्या लांब धनुष्याचे गोडवे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो, त्या इंग्रजांच्या देशात आज धनुष्यानं शिकार करायला कायद्यानं मनाई आहे. तिथं लोक धनुष्यं करतात, जपतात, गवताच्या लक्ष्यावर मारतात आणि घरी जाऊन जेवतात.

मी साहेबांना म्हटलं, अहो, लांब कशाला जाता? इथं साताऱ्याची अदिती स्वामी बघा. 2023 साली बर्लिनला, सतरा वर्षांची पोर, जगज्जेती झाली. अंतिम फेरीत 150 पैकी 149 गुण! फलटणजवळच्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला. एका सशाच्या अंगाला हात न लावता!

"ते यंत्र," साहेब तुच्छतेनं म्हणाले. "अदितीच्या धनुष्याला चाकं असतात."

असतात. पण आपल्याकडं 'इंडियन राउंड' नावाचा प्रकारही आहे. साधं बांबूचं, लाकडाचं धनुष्य, ना चाकं ना दुर्बीण. 50 आणि 30 मीटरवरून नेम. शाळेतली पोरं त्यात उतरतात. साहेबांनी पोरांना धनुष्यं करून द्यावीत. आमच्या शाळांना क्रीडासाहित्य म्हणून एक फुटका कॅरमबोर्ड मिळतो, त्या पोरांना साहेबांच्या हातची धामण मिळाली तर ती डोक्यावर घेऊन नाचतील. पाठ कुठली, पोट कुठलं, दोन्ही हात सारखे वाकतात का, हे चार पावलं लांब उभं राहून बघायला शिकतील. पण नाही. साहेबांना ससा पाहिजे.

आमचं हे बोलणं दारात उभं राहून तासभर चाललं, आणि शेवटी साहेब "तुम्ही मास्तर लोक जन्मभर दुसऱ्याच्या चुकाच काढणार" असं म्हणून एकटेच कवलापूरला गेले. दुपारी रिकाम्या हातानं परत आले. ससा दिसला नाही की नेम लागला नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. या काळात त्यांच्या सौभाग्यवती आणि आमची सौ. भिंतीवरून उसन्या साखरेची देवाणघेवाण करत होत्या, त्यावरून दोन्ही पक्षांच्या हालचाली एकमेकांना कळत होत्या.

एके दिवशी बुधगावच्या रस्त्यानं उसाच्या पाचटाचे दोन भारे सायकलवर घालून मी घरी आलो, आणि काही न बोलता साहेबांच्या फाटकाशी ठेवले. त्यांनीही काही न बोलता आत घेतले. संध्याकाळी दोरीचा तो तंबोऱ्यासारखा आवाज यायला लागला. एक, दोन, पाच, दहा. पाचटाला काही लागल्याचा आवाज मात्र क्वचितच यायचा. वीस पावलांवरून एवढा मोठा भारा चुकणारा माणूस कवलापूरचा ससा मारणार होता!

काल सौ. गच्चीवर वाळत घातलेले सांडगे आणायला गेली, तर ताटाच्या मधोमध एक बाण उभा होता. तिनं तो परत दिलेला नाही. साहेब दोनदा भिंतीवरून डोकावून गेले.